अस्मानी, सुलतानी आणि विद्यापीठ

‘आपत्ती व्यवस्थापन’ या जोडशब्दातील दुसरे पद आम्हांला प्रथमपासूनच खटकत आले आहे. व्यवस्थापन कार्यालयाचे असते, खानावळीचे असते, साहित्य संमेलनाचेही (निदान मांडवापुरते तरी) असू शकते. कारण पुढे काय घडणार याची एक यादी व्यवस्थापकाच्या हाती असते. आपत्ती ही तर ती यादीच फाडून टाकणारी घटना. तरीही हा शब्द आता इतका रुळला आहे की शासकीय फलक, शाळेचे पुस्तक आणि विद्यापीठाची पदविका या तिन्ही ठिकाणी तो सारख्याच सहजतेने वावरतो, आणि त्यात काही विसंगती असावी असे कोणाला वाटत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याची या विषयाशी पहिली गाठ पडली ती बहुधा पर्यावरणाच्या पेपरात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. त्यात पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि दरड या चौघांची एकत्र सोय लावली होती ती प्रदूषणाच्या घटकाच्या शेवटी, घनकचऱ्याच्या पाठोपाठ. कलाशाखेच्या मुलांनी हा मुद्दा चार गुणांसाठी पाठ केला आणि ती पुढे गेली. त्यांचा दोष नाही. ज्या विषयाचा जन्मच माणसांच्या बोलण्यातून, सांगोवांगीच्या गोष्टींतून झाला, तो त्यांच्यासमोर ‘काय करावे व काय करू नये’ अशा दोन रकान्यांत मांडला गेला होता. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या जन्माची हकीकत सांगायची आहे. कारण ती ऐकली म्हणजे हा विषय मराठीच्या किंवा इंग्रजीच्या विभागापासून वाटतो तितका दूर नाही, हे ध्यानात येईल.

हकीकतीची सुरुवात कॅनडातील हॅलिफॅक्स या बंदरात होते. पहिले महायुद्ध चालू होते. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी ‘मॉ-ब्लां’ हे दारूगोळ्याने भरलेले फ्रेंच जहाज आणि ‘इमो’ हे नॉर्वेचे जहाज बंदराच्या अरुंद भागात एकमेकांवर आदळले. मॉ-ब्लांला आग लागली. आग पाहायला लोक किनाऱ्यावर जमले, घराघरांतून खिडक्यांशी उभे राहिले. नऊ वाजून काही मिनिटांनी स्फोट झाला. शहराचा रिचमंड नावाचा उत्तर भाग जवळजवळ पुसला गेला, सुमारे दोन हजार माणसे मेली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली. आणि खिडकीच्या काचेमागे उभे राहून आग पाहणाऱ्या शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आले. एका आपत्तीवर दुसरी आपत्ती येते तेव्हा पहिलीचा हिशेब कुठे संपतो आणि दुसरीचा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, हा धडा या शास्त्राला पहिल्याच दिवशी मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

या शहरातील सेंट पॉल चर्चमध्ये सॅम्युएल हेन्री प्रिन्स नावाचे एक तरुण धर्मोपदेशक होते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर प्रेते शोधण्यासाठी हॅलिफॅक्सहून जी जहाजे गेली त्यांपैकी एकावरही ते होते. स्फोटानंतर मदतकार्यात सहभागी झालेले प्रिन्स पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन गिडिंग्ज यांच्या विभागात त्यांनी याच स्फोटावर प्रबंध लिहिला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. आपत्ती आणि सामाजिक बदल असा त्याचा विषय. एखाद्या आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास करून विद्यापीठाची पदवी मिळवण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

प्रबंधाचा मुख्य प्रश्न आजही शिळा झालेला नाही. आपत्तीनंतर समाज वितळलेल्या धातूसारखा काही काळ प्रवाही होतो. पण त्यातून नवे काही घडते की जुनेच पुन्हा थिजते? प्रिन्स यांचे उत्तर सावध आहे. बदल होतो, परंतु तो पुढेच नेईल असे नाही. त्यांनी आपल्या शहराबाबत आशावादी निष्कर्ष काढला हे खरे, आणि तो काढताना त्यांच्यातला धर्मोपदेशक अधूनमधून डोके वर काढतो हेही खरे. परंतु आम्हांला त्या प्रबंधाचे वेगळेच आकर्षण आहे. त्यात आकडे थोडे आणि माणसे फार आहेत. पहिल्या तासांत कोणाला काय भास झाला, जर्मनांनीच हल्ला केला ही समजूत कशी पसरली, दारूकोठाराचा दुसरा स्फोट होणार या बातमीने लोक मोकळ्या मैदानांकडे कसे निघाले आणि चाललेले मदतकार्य त्यामुळे कसे थांबले, या सर्वांना तेथे स्थान आहे. म्हणजे नव्या शास्त्राने आपली साधनसामग्री म्हणून पहिल्यांदा हातात घेतली ती कथने: विस्कळीत, परस्परविरोधी, काही उघडच खोटी. आम्हां साहित्यवाल्यांचा जो नित्याचा माल, तोच.

यानंतरचा टप्पा सांगताना पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके सहसा अमेरिकेतून हलत नाहीत. आम्ही मात्र पाटण्याला जाणार आहोत.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या हजारांच्या घरात गेली. या भूकंपाच्या निमित्ताने झालेला एक वाद आपल्या वाचकांना परिचित असेल. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला ईश्वरी दंड आहे असे गांधीजी म्हणाले. निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणे रवींद्रनाथांना अजिबात मान्य झाले नाही. आणि गांधीजींनी रवींद्रनाथांचा आक्षेप व आपले उत्तर ही दोन्ही फेब्रुवारी १९३४ मध्ये ‘हरिजन’मध्ये छापली. या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच आठवड्यांत त्याच प्रदेशात आणखी एक माणूस एक निराळेच काम करीत होता, त्याची आठवण क्वचितच निघते. मानसशास्त्राचे अभ्यासक जमुना प्रसाद भूकंपानंतर लोकांत पसरलेल्या अफवा टिपून ठेवत होते. अमुक तारखांना भयंकर वादळ येणार, नेपाळच्या सीमेवरून पाण्याचा लोंढा निघाला आहे, ग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार, पाटणा शहर नाहीसेच होणार: अशा अफवा. १९३५ साली त्यांचा लेख ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९५० मध्ये त्यांनी दुसऱ्या लेखात इतर काळांतील आणि इतर देशांतील भूकंपांच्या वेळच्या वार्ता या अफवांशेजारी ठेवून पाहिल्या, आणि त्यांच्यातील साम्य दाखवले. लोककथांचे प्रकार आणि त्यांतील कल्पनाबंध यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

प्रसादांच्या नोंदींचे पुढे काय झाले ते मोठे रंजक आहे. अमेरिकेतील लेऑन फेस्टिंजर यांनी त्या वाचल्या आणि त्यांना प्रश्न पडला. भूकंप होऊन गेला आहे, आपण जिवंत आहोत, आसपास फारशी पडझडही नाही. अशा वेळी माणसांनी स्वतःला दिलासा देणाऱ्या गोष्टी पसरवायला हव्यात. ती याहून वाईट घडणार असे का सांगत सुटतात? फेस्टिंजर यांचे उत्तर असे की, या लोकांना धक्का जाणवला होता आणि मनात भीती भरली होती, पण भीतीला साजेसे काही डोळ्यांपुढे नव्हते. मग मन भीतीला साजेशी गोष्ट रचते. अफवा भीती निर्माण करीत नाही, आधीच असलेल्या भीतीचे ती समर्थन करते. या वाचनाला जोड मिळाली ती दुसऱ्या एका भारतीय अभ्यासाची. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंग भागातील दरडींनंतर लोक काय बोलत होते ते तपासले व १९५२ साली प्रसिद्ध केले. तेथे विध्वंस डोळ्यांसमोर होता, आणि तशा भाकितवजा अफवा त्यांना आढळल्या नाहीत. १९५७ साली फेस्टिंजर यांचे बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्तावरील पुस्तक आले तेव्हा त्याच्या आरंभीच या सामग्रीचा उल्लेख होता. फेस्टिंजर हे नाव आज मानसशास्त्राच्या पदवीवर्गातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जमुना प्रसाद हे नाव किती जणांना ठाऊक असते?

अर्थात फेस्टिंजर यांचे वाचन अंतिम समजण्याचे कारण नाही. ज्या समाजात ग्रह, ग्रहण आणि भूकंप यांना जोडणारी भाषा शतकानुशतके तयारच आहे, तेथे ग्रहणाच्या दिवशी पुन्हा धक्का बसेल हे वाक्य निव्वळ मानसिक गरजेतून आले असे म्हणणे अपुरे आहे. ती भाषा त्या वाक्याला आयते व्याकरण पुरवते. गांधीजींचे विधानही त्याच व्याकरणात बसते, आणि रवींद्रनाथांची चीड नेमकी त्या व्याकरणावरच होती, असे आम्हांला वाटते. अफवेचे वाचन करायचे तर मानसशास्त्र पुरत नाही. परंपरेने दिलेल्या कथनरूपांची जाण लागते. येथे साहित्याच्या अभ्यासकाला बोलावणे यायला हवे होते. ते आले नाही, आणि त्यानेही दार ठोठावले नाही.

आता अमेरिकेकडे वळू. हार्वर्डचे पिटिरिम सोरोकिन यांनी १९४२ साली युद्ध, दुष्काळ, रोगराई यांचा मनावर व समाजावर होणारा परिणाम या विषयावर ग्रंथ लिहिला. रशियातील १९२१ चा दुष्काळ त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि भुकेवर लिहिलेले त्यांचे आधीचे पुस्तक सोव्हिएत सत्तेने नष्ट केले होते. परंतु विद्यापीठांत या विषयाचा संघटित अभ्यास सुरू झाला तो विद्वानांच्या जिज्ञासेतून नव्हे, लष्कराच्या पैशातून. अणुबाँबचे युग सुरू झाले होते. उद्या आपल्या शहरांवर बाँब पडला तर लोक कसे वागतील, सैरावैरा धावतील काय, एकमेकांना तुडवतील काय, हे लष्कराला जाणून घ्यायचे होते. बाँब पडण्याची वाट पाहता येत नव्हती. म्हणून वादळे, स्फोट, विमानअपघात यांचा अभ्यास करावा असे ठरले. १९४९ च्या सुमारास शिकागो विद्यापीठातील राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राकडे हे काम आले. चार्ल्स फ्रिट्झ आणि त्यांचे सहकारी घटना घडताच तेथे जात आणि वाचलेल्या माणसांना बोलते करीत. अशा शेकडो मुलाखती जमल्या.

त्या मुलाखतींतून जे निघाले ते पैसे देणाऱ्यांच्या अपेक्षेच्या विरुद्ध होते. भेदरून बेभान झालेला जमाव जवळजवळ सापडेना. सापडली ती शेजाऱ्याला ढिगाऱ्यातून काढणारी, आपल्या माणसांना शोधणारी, बहुधा शुद्धीत असलेली आणि पुष्कळदा आश्चर्यकारक रीतीने एकमेकांशी सौजन्याने वागणारी माणसे. याच गटात एन्रिको क्वारान्टेली हे विद्यार्थी होते. त्यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय निवडला होता ‘घबराट’, आणि त्यांची पंचाईत झाली ती अशी की घबराटीची खरी उदाहरणे हाताशी फारच थोडी लागली. १९५४ साली त्यांनी या विषयावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. घबराट क्वचित होते, ती काही विशिष्ट परिस्थितीतच होते (सुटकेची वाट आहे पण ती बंद होत चालली आहे असे वाटते तेव्हा), आणि ती अल्पकाळ टिकते, असे त्यांचे म्हणणे. नागरिकांच्या घबराटीची भीती ही राज्यकर्त्यांनाच अधिक असते, हे या शास्त्राचे पहिले मोठे आणि आजवर बऱ्याच अंशी टिकलेले निरीक्षण.

क्वारान्टेली, रसेल डाइन्स आणि यूजीन हास या तिघांनी १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र स्थापन केले. पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९६४ रोजी, अलास्कात ९.२ प्रतीचा भूकंप झाला आणि केंद्राला आपली पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरून पाहता आली. १९८५ साली ते डेलावेअर विद्यापीठात गेले व तेथे आजही आहे. या केंद्राने केलेल्या कामांपैकी एकच आम्ही येथे सांगतो, कारण आपल्याकडील अनुभवाला ते चपखल लागू पडते. आपत्तीत धावून येणाऱ्या गटांचे त्यांनी चार प्रकार केले. नेहमीचेच काम नेहमीच्याच रचनेने करणारे, उदाहरणार्थ अग्निशामक दल. नेहमीचे काम पण एकदम फुगलेल्या रचनेने करणारे, म्हणजे स्वयंसेवकांच्या मोठ्या याद्या असणाऱ्या संस्था. जुनी रचना पण काम नवे असे. आणि शेवटी, रचनाही नवी व कामही नवे असे, जे आपत्तीपूर्वी अस्तित्वातच नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ज्या गणेश मंडळांनी मांडवाचे दोर काढून रस्त्यात अडकलेल्यांना बाहेर काढले ती तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि ज्या अनोळखी माणसांनी कोपऱ्यावर उभे राहून उघड्या गटारांची जागा हाताने दाखवत लोकांना पुढे पाठवले ती चौथ्या. या चौथ्या प्रकाराचे व्यवस्थापन कसे करणार? डाइन्स यांचे उत्तर असे की करू नये. त्याला वाट द्यावी. वरून हुकूम व खाली पालन हे लष्करी प्रारूप आपत्तीत चुकीचे ठरते, असे त्यांनी आयुष्यभर मांडले.

याच काळात भूगोलाच्या बाजूने एक दुसरा प्रवाह आला. गिल्बर्ट व्हाइट यांनी शिकागो विद्यापीठात पुरांवर प्रबंध लिहिला; तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. पूर निसर्ग आणतो, पण नुकसान बहुतांशी माणसाने नदीच्या पात्रात मांडलेल्या संसारामुळे होते, हा त्याचा गाभा. बंधारे बांधून पूर अडवता येतो या विश्वासामुळेच लोक पूरक्षेत्रात वस्ती वाढवतात आणि बंधारा फुटला की नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते, हे त्यांनी दाखवले. मराठी वाचकाला हे सांगताना फारसे श्रम पडू नयेत. आपल्या भाषेने ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हे दोन शब्द फार पूर्वीच शेजारी बसवले आहेत, आणि त्यांतले एक उच्चारले की दुसरे आपोआप तोंडात येते, यातच अर्धे आपत्तीशास्त्र आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात आलेल्या पाण्याला आपण ‘पानशेतचा पूर’ म्हणतो, मुठेचा म्हणत नाही. नाव धरणाचे लागले, नदीचे नाही. लोकांनी निकाल देऊन टाकला होता. ‘पानशेतच्या आधीचे पुणे’ हा कालदर्शक प्रयोगही जुन्या पुणेकरांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे राहिला. प्रिन्स यांना तो फार आवडला असता.

इथपर्यंत हा विषय संशोधनाचा होता. पदवीचा विषय तो झाला १९८३ साली, जेव्हा नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने आणीबाणी प्रशासन व नियोजन या नावाने अमेरिकेतील पहिला पूर्ण पदवी अभ्यासक्रम सुरू केला. मागणी कुठून आली होती हे लक्षात घेतले पाहिजे. १९७९ मध्ये अमेरिकेत संघराज्य पातळीवरची आणीबाणी व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिच्या पोटात नागरी संरक्षणाचे जुने खाते होते, आणि त्या खात्यात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा होता. या लोकांच्या जागी शिकलेले व्यावसायिक हवेत, हा विचार रास्तच होता. १९९४ पासून त्या संस्थेने महाविद्यालयांत असे अभ्यासक्रम उघडावेत म्हणून स्वतंत्र प्रकल्प चालवला आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. एक नवे क्षेत्र उभे राहिले, विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्या. त्यात वाईट काही नाही. पूर येण्यापूर्वी नावा कुठे ठेवायच्या हे ठरवणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याला असणे हे नसण्यापेक्षा केव्हाही चांगले.

पण संशोधन ‘अभ्यासक्रम’ होते तेव्हा काहीतरी गाळावे लागते, आणि येथे जे गाळले गेले ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. या विषयाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात एक वर्तुळ असते: शमन, पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन, आणि बाण पुन्हा शमनाकडे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील राज्यपालांच्या संघटनेने केलेल्या मांडणीतून हे चार टप्पे रूढ झाले. परीक्षेला वर्तुळ फार सोयीचे. परंतु कथनाच्या दृष्टीने पाहिले तर वर्तुळ हा एक दावा आहे: जेथून निघालो तेथेच परत येऊ, असे ते सांगते. प्रिन्स यांचा प्रश्न, समाज पुढे जातो की मागे, त्या वर्तुळात मावतच नाही. आणि किल्लारीही मावत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत जे घडले त्याचे वर्णन येथे नव्याने करीत नाही. दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या उत्तरार्धातच धक्के जाणवले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली माळवदे: उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यांनी पारखून घेतलेले हे घर झोपलेल्या माणसांवर आले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले पुनर्वसन हे देशातील अशा प्रकारचे मोठे काम होते, आणि भारतातील आपत्ती-अभ्यासाची संस्थात्मक उभारणी बऱ्याच अंशी त्या अनुभवातून झाली. पुण्याच्या ‘यशदा’मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र उभे राहिले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा या कामात सहभाग होता. त्या संस्थेची परंपरा तर फाळणीनंतर कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत विद्यार्थी पाठवण्यापर्यंत मागे जाते. पुढे तेथे या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला, आणि त्या विभागाच्या नावात कालांतराने ‘व्यवस्थापन’ जाऊन ‘अभ्यास’ हा अर्थ आला. शब्दांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना हा बदल किरकोळ वाटत नाही.

किल्लारीत पन्नासहून अधिक गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. नवी घरे किती चौरस फुटांची हे कुटुंबाकडे जमीन किती यावर ठरले. गल्ल्या सरळ रेषेत आल्या. जुन्या गावात कोण कोणाच्या भिंतीला भिंत लावून राहतो, देऊळ कुठे, पार कुठे, वाडा कुठे आणि गावकुसाबाहेर कोण, ही एक लिहिलेली संहिताच असते. न्याय्य नसेल, पण वाचता येण्याजोगी. चौकटीच्या कागदावर आखलेल्या गावाने ती पुसली. पुसली ते बरे झाले की वाईट, याचे उत्तर त्या गावात आपले घर पूर्वी कुठे होते यावर अवलंबून आहे. म्हणून तर माणसागणिक ते ऐकावे लागते. याच कार्यक्रमाचा दुसरा भाग, जेथे गावे हलवली नाहीत आणि लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त केली, तेथे एक चांगली कल्पना राबवली गेली. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. शासनाचे म्हणणे घरी आणि घरचे म्हणणे शासनाकडे नेणे हे त्यांचे काम. सर्व पुनर्वसनात आम्हांला सर्वाधिक आवडलेले पदनाम ते हेच.

आपल्याकडे आपत्तीचे कायदेपुस्तक यापूर्वी नव्हते असे नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिशांनी दुष्काळ संहिता तयार केल्या: कामे केव्हा काढायची, मजुरी किती द्यायची, खडी किती फोडून घ्यायची, सर्व कलमवार. बहात्तरच्या दुष्काळात मात्र खडी फोडणाऱ्या माणसाची मागणी संहितेच्या पलीकडे गेली. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या लोकांच्या रेट्यातून रोजगार हमीची योजना आली व तिचा कायदा १९७७ साली मंजूर झाला. दुष्काळात दिली जाणारी दया तेथे हक्क झाली. आपत्ती आणि सामाजिक बदल यांचे इतके स्पष्ट उदाहरण हॅलिफॅक्सलाही सापडणार नाही. पण महाराष्ट्रातल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात ते शिकवण्याऐवजी अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवले जाते.

२००५ साली भारताने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याचे ५४ वे कलम साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे. आपत्तीबद्दल खोटी धोक्याची सूचना देणाऱ्याला किंवा पसरवणाऱ्याला, त्यामुळे घबराट झाल्यास, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी तरतूद त्यात आहे. पन्नास वर्षे जगभरच्या मुलाखतींतून शोधूनही जी घबराट क्वारान्टेली यांच्या हाती फारशी लागली नाही, ती येथे कायद्याच्या भाषेत गृहीत धरून बसली आहे. तरतूद निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षी मुंबईत, जुलैच्या पावसानंतर दोनच दिवसांनी, पाणी येत असल्याच्या अफवेने एका दाट वस्तीत चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लहान मुलेही गेली; अरुंद बोळ, एकच वाट, आणि नुकताच छातीपर्यंत पाण्यात काढलेला दिवस. क्वारान्टेली यांनी सांगितलेली परिस्थिती ती हीच. अफवेने माणूस मरतो. मुद्दा असा की कायदा अफवेला एवढेच विचारतो की तू खरी की खोटी. प्रसाद तिला विचारत होते की तू इथे, या दिवशी, याच रूपात का आलीस.

१४ एप्रिल २०२० रोजी हा फरक पुन्हा समोर आला. याच २००५ च्या कायद्याखाली देशभर टाळेबंदी होती, त्या दिवशी ती वाढवली गेली, आणि गावाकडे जाणाऱ्या गाड्या सुटणार या बातमीने वांद्रे स्थानकाबाहेर शेकडो मजूर जमले. रॉबर्ट नॅप यांनी १९४४ मध्ये युद्धकाळातील अफवांचे जे वर्गीकरण केले, त्यात इच्छेच्या, भीतीच्या आणि फूट पाडणाऱ्या असे तीन वर्ग आहेत. पाटण्याच्या अफवा भीतीच्या होत्या. वांद्र्याची इच्छेची होती: गाडी सुटणार, घरी जाता येणार. हातावर पोट असलेल्या, दहा बाय दहाच्या खोलीत आठजण राहणाऱ्या माणसाच्या तोंडी त्या दिवशी दुसरे कोणते वाक्य येऊ शकत होते? तिची नोंद झाली ती पोलीस ठाण्यात, गुन्हा म्हणून. ती प्रथम कोणत्या भाषेत बोलली गेली, मैथिली की भोजपुरी की बंगाली, कोणत्या शब्दांत, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तिच्यात काय भर पडत गेली, ही चौकशी पोलिसांची नव्हे. ती विद्यापीठाची आहे.

किल्लारीला १९९३ साली वीस वर्षांची असलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. वडीलधारी तर झपाट्याने कमी होत आहेत. लोकसाहित्याच्या पेपरासाठी आमचे विद्यार्थी ओव्या गोळा करायला गावोगाव जातात, तेव्हा त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते, प्रश्नावली असते आणि बोलीतील शब्द जसाच्या तसा लिहून घेण्याची सवय असते. क्वारान्टेली यांच्या पथकांजवळ याहून फारसे वेगळे काही नव्हते. ‘जुनी किल्लारी’ आणि ‘नवी किल्लारी’ असे दोन उल्लेख एकाच वाक्यात करणारी आजी ओवी सांगता सांगता त्या पहाटेवर आली, तर मुद्रण बंद करू नये, एवढे तरी प्रकल्पाच्या सूचनांत लिहिता येईल.